डोंगराने कुणाला नेलं नाही

सिल्व्हरटन, कोलोरॅडो
९ जानेवारी

प्रिय हॅरिस,

तू पाठवलेल्या भाजलेल्या हिरव्या मिरच्या पोचल्या. टेसने अंड्यांबरोबर निम्म्या संपवल्यासुद्धा. इथे परवापासून बर्फ थांबलेला नाही, घाट बंद आहे आणि दुकानात दूध नाही. तुझा गुडघा बरा असेल अशी आशा आहे.

फोन केला असता, पण फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतोस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

आम्ही मायलेकींनी हिमस्खलनाचा कोर्स केला. हो, या वयात. ‘स्कीवर जन्मलेल्यांना कसली शाळा?’ हे तुझं वाक्य गावाला पाठ आहे. शाळा अशी की, आधी उतार किती तीव्र ते मोजायचं. बर्फात खड्डा खणून थर बघायचे. वरचा जड थर खालच्या साखरेसारख्या भुसभुशीत थरावर बसलेला दिसला, तर निमूट घरी जायचं. मग कुणी गाडलं गेलंय असं समजून, बर्फात पुरलेलं बीकन आपल्या बीकनवर येणाऱ्या संकेताच्या मागाने शोधायचं. मी बर्फ इतक्या वेड्यासारखा उपसत होते की आमच्या शिक्षिका इंग्रिड म्हणाल्या, “थांबा जरा, पाणी प्या.” मी थांबले नाही. टेसने मात्र पटकन शोधलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

आता तुझ्या पत्राचं. फेब्रुवारीत माझ्या अ‍ॅन्सेलला जाऊन वर्ष होईल, टेसला घेऊन जातो, त्याच कड्यावर त्याची राख सोडतो, असं लिहितोस. वर लिहितोस, ‘डोंगराने नेला, डोंगरालाच देऊ.’

हे तू चर्चमध्येही म्हणालास. बारमध्येही म्हणतोस. लोक डोळे पुसतात आणि तुला बिअर पाजतात. हॅरिस, हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस.

कोर्सला गस आला होता, त्या दिवशी तुम्हा दोघांबरोबर होता तोच. पहिल्याच सकाळी इंग्रिडनी शिकवलं की गाडीतून उतरल्यावर एकाने पुढे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून त्याच्यासमोरून जायचं. प्रत्येकाचं बीकन वाजलं तरच निघायचं. गसचा चेहरा पडला. दुपारी तो मला बाजूला घेऊन गेला.

“लॉरेन, अ‍ॅन्सेल बीकन हातात घेऊन उभा होता गं. म्हणाला, तपासून घेऊ. हॅरिस म्हणाला, ‘चल रे म्हाताऱ्या, तुझ्या नादात दुसरेच कुणी ताजा बर्फ तुडवून जातील.’ आम्ही हसलो. त्याने ते कोटात टाकलं नि निघाला.”

अ‍ॅन्सेल कसा होता ते तुला ठाऊक होतं. बॅटरी वाया जाईल म्हणून तो बीकन तपासणीच्या वेळीच चालू करायचा, सगळी हयात. तपासणी झाली नाही, बीकन चालू झालं नाही. हिमस्खलनात तो गाडला गेला आणि तुम्ही सळया खुपसत त्याला शोधत बसलात. मला सांगितलंस की यंत्र बिघडलं होतं. मी वर्षभर त्या कंपनीला शिव्याशाप दिले, आणि तू शेजारी बसून मान डोलावलीस.

मला अ‍ॅन्सेलचाही राग येतो. त्यालाही तोंड होतं. एकाने ‘नाही’ म्हटलं की सगळ्यांनी मागे फिरायचं, कारण विचारायचं नाही, हाही नियमच आहे. पण तुझ्यासमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. तुला ते आवडायचं.

टेस म्हणते, “मामाला येऊ दे. पण कड्यावर नाही, खालच्या झाडीत. गाडीजवळ मी उभी राहणार, आणि मामा सगळ्यांत आधी माझ्यासमोरून जाईल. हसला तर आपण परत.” सतराव्या वर्षी तिला जमतं ते तुला साठीला आलास तरी जमलं नाही.

गस काय म्हणाला ते तिला माहीत नाही. मी सांगणार नाही. ते तू सांगायचंस, तिथे पार्किंगमध्ये, तिच्यासमोरून जाण्याआधी, डोंगराचं नाव न घेता. ते होत नसेल तर माझं ‘नाही’ आहे. कारण विचारू नकोस.

आधी अ‍ॅन्सेलची बायको, मग तुझी बहीण,
लॉरेन