ट्रक शेडमध्ये ठेवू नये

प्रिय क्लॅरी,

तू फोनवर येत नाहीस म्हणून लिहावं लागतंय. दर वेळी तुझी बहीण आयव्ही सांगते, "क्लॅरी झोपलाय." सकाळी फोन केला तरी झोपलेला, जेवणाच्या वेळी केला तरी झोपलेला. इथं असताना तू काकाकुवांच्या आधी उठायचास. ॲडलेडच्या पाण्यात काय मिसळतात ते एकदा आयव्हीला विचारून कळव. काल मात्र तिनं आपण होऊन सांगितलं, की तुझं मोडलेलं हाड जुळून आलंय, तू काठी घेऊन चालतोस, आणि इथलं घर-जमीन विकून कायमचं तिच्याकडेच राहायचं तू ठरवलंयस. गुरुवारी एजंट गिऱ्हाइकाला घेऊन येणार म्हणे. इतकी वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहिलो आणि ही बातमी मला तुझ्या बहिणीकडून कळते. शाब्बास.

असो. आधी ट्रकचं सांगते, कारण ते प्रकरण तू अर्धवट ऐकून गेलास, आणि अर्धवट ऐकण्यात तुझा हात धरणारं या पंचक्रोशीत कुणी नाही.

गेल्या उन्हाळ्यात ट्रकच्या कंपनीचं ते रिकॉलचं, बिघाड असलेल्या गाड्या दुरुस्तीला परत मागवण्याचं, पत्र आलं तेव्हा मी ते तुम्हा सगळ्यांना कॉलीनच्या दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ब्रेकजवळच्या विजेच्या एका डब्यात ओल शिरते आणि इंजिन बंद असतानाही तो पेट घेऊ शकतो. ट्रक उघड्यावर ठेवावा, शेडमध्ये ठेवू नये. त्यावर तूच म्हणालास, "इतकी वर्षं पेटला नाही तो आता पत्र आलं म्हणून पेटणार होय?" आणि सगळे हसले. हसा. माझ्या शेडमध्ये छतापर्यंत गवताचे गठ्ठे, आणि शेडची भिंत म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची भिंत. जळलं असतं ते माझं.

कंपनीला फोन करायचा म्हणजे पंपाच्या टेकडीवर चढायचं, कारण दुसरीकडे कुठं मोबाइलला रेंज मिळत नाही. वर गेलं की फोन कानाला धरून तासभर पिपाणीचं संगीत ऐकायचं, मग एक गोड आवाजाची मुलगी विचारणार, "बाई, तुमचं वाहन एखाद्या इमारतीजवळ उभं आहे का?" मी म्हटलं, "अगं, इथं माझ्या घरानंतरची इमारत म्हणजे क्लॅरीचं घर, आणि त्याला इमारत म्हणायचं की नाही यावर गावात वाद आहे." ती म्हणाली, "छान, तशी नोंद करते." ट्रक न्यायला गाडी पाठवा म्हटलं तर ओढगाडी कच्च्या रस्त्यावर येत नाही. मग मीच चालवत आणू का? आणा की, पण सुटा भाग अजून आलेला नाही. मध्ये चालवायला धोका नाही ना? "चालवायला धोका नाही बाई, उभा केल्यावर आहे." म्हणजे मी काय, तो भाग येईपर्यंत गोल गोल फिरत राहू? तर पुन्हा पिपाणी.

हे एक वेळ चाललं असतं. पण तुम्ही लोक! आपल्याकडे किल्ली गाडीलाच असते, साखरेच्या डब्यात चमचा असतो तशी. ज्याला लागेल त्यानं न्यावी, डिझेल भरून आणावी, आणि आभाळ भरून आलं तर ज्याची दिसेल त्याची गाडी आडोशाला लावावी. मीही आयुष्यभर तेच केलंय. पण मी रोज ट्रक बाहेर काढून मोकळ्या मैदानात लावायचा, आणि घरात जाऊन चहा ठेवेपर्यंत कुणीतरी देवमाणूस तो परत शेडमध्ये नेऊन ठेवायचा. वर दुकानात बोलायचे, "ग्लेनिस हल्ली विसरते बिचारी." शेडच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आत ठेवू नये.' तुम्ही माझ्या कुत्र्याला बाहेर नेऊन बांधलंत आणि ट्रक आत ठेवलात. पाटी कुत्र्यासाठी आहे असं वाटलं म्हणे! कपाळ बडवून घ्यायचं बाकी राहिलं होतं.

आणि त्यात तू. तुझ्या घरी रेडिओ नुसता खरखरतो, म्हणून टेस्ट मॅच सुरू झाली की थर्मास घेऊन तू माझ्या ट्रकमध्ये येऊन बसायचास. शेडमध्ये सावली म्हणून तिथंच. किल्ली अर्धी फिरवायची, रेडिओ लावायचा, लंचनंतर तोंड उघडं टाकून झोपायचं. मी शेजारच्या सीटवर वाटाणे सोलत बसायची. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही, क्लॅरी. कधीच कळलं नाही. रेग गेल्यानंतर नवरा-बायको अशा दोन माणसांचा स्वयंपाक करायची सवय सुटेना, तेव्हा घरात जेवण्यापेक्षा तिथं ट्रकमध्ये ताट घेऊन बसणं मला बरं वाटायचं.

पत्र आल्यानंतरही तू तेच केलंस. शेवटच्या टेस्टच्या वेळी मी बाजारातून आले तर ट्रक शेडमध्ये, भोवती गवत, आणि आत तू घोरतोयस. तुला उठवलं तर म्हणतोस, "श्श, ऐकू दे, शेवटची जोडी आहे." मग मी जे केलं ते गावात आजवर कुणी केलं नव्हतं. किल्ली काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी दुकानात हे कळलं तर असे चेहरे, जसं काही मी कुणाच्या ताटातलं उचललं! कॉलीन म्हणाली, "आम्ही काय चोर आहोत का गं?" मी वैतागलेच होते, म्हणाले, "माझ्या ट्रकमध्ये यापुढे कुणी पाऊल ठेवायचं नाही." तू मागे पिठाच्या पोत्यांशी उभा आहेस हे मला काय माहीत? आणि कळलं असतं तरी काय? एवढी वर्षं ओळखतोस मला. कुणाच्या जिवासाठी ती किल्ली काढली होती हे तुला समजू नये?

नाहीच समजलं. तू येणं बंद केलंस. मग त्या दुपारी गारा आल्या तेव्हा मी टेकडीवर पिपाणी ऐकत होते. पत्र्यावर दगड पडावेत तशा गारा. धावत खाली आले तर ट्रकवर तुझ्या घरातल्या सगळ्या रजया, गादी, तुझ्या आईची ती विणलेली चादरसुद्धा, दोरानं आवळून बांधलेली, आणि खाली चिखलात तू. हौद्यावरून घसरलास. किल्ली नव्हती, ट्रक आत नेता येईना, म्हणून एवढ्या गारांत या वयाचा माणूस वर चढला! मला बघून काय म्हणालास, तर "काच वाचली." तुझा पाय भलत्याच दिशेला वळलेला, आणि काच वाचली! ॲडलेडला न्यायला आलेल्या डॉक्टरांच्या विमानात तुला चढवताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणालास, "मी त्रास देतो हे सरळ सांगायचं होतंस, ग्लेनिस. किल्ली लपवायची गरज नव्हती." आणि दार लागलं. त्या विमानाच्या मागे मी धावपट्टीच्या टोकापर्यंत ओरडत गेले. पंख्यांच्या आवाजात ते तुला कुठलं ऐकू येणार?

तो सुटा भाग आता हिवाळा उलटल्यावर आला. मी स्वतः ट्रक घेऊन गेले, वाटेत चहालासुद्धा न थांबता. मेकॅनिकनं जुना डबा उघडून दाखवला. आतून काळाठिक्कर, एका बाजूनं वितळलेला. "नशीब म्हणा बाई," म्हणाला. मी तो डबा मागून घेतला आणि कॉलीनच्या काउंटरवर आपटला. आता कुणी हसत नाही. खरं सांगू, तिथं आपटताना बरं वाटलं, पण परत येताना गाडी बाजूला घेऊन रडले. तो डबा पेटला असता तेव्हा आत तू झोपलेला असतास, क्लॅरी.

आता नीट वाच. ट्रक मी तुझ्या फाटकात आडवा लावलाय. चाकं वळवून, पुढचं तोंड तुझ्या खांबाला टेकवून. एजंटच काय, मेंढीसुद्धा आत शिरणार नाही. किल्ली या पाकिटात आहे. दुसरी किल्ली रेगनं तळ्यात पाडली हे तुला माहीत आहे, तूच बुड्या मारून शोधत होतास आणि ती काही सापडली नाही. ओढगाडी कच्च्या रस्त्यावर येत नाही हे कंपनीनं मला अनेकदा समजावून सांगितलंय. म्हणजे फाटक उघडायचं असेल तर तुलाच यावं लागेल. विकायचंच असेल तर येऊन ट्रक बाजूला घे आणि खुशाल विक. पण त्याआधी किल्ली गाडीला लाव, अर्धी फिरव, आणि शेजारच्या सीटकडे बघ. टेस्ट सुरू व्हायला आलीय, वाटाण्याच्या शेंगा भरल्यात, आणि मला दुसऱ्या कुणाचं घोरणं ऐकायचं नाही.

तुझीच (चुकून नाही, दोनदा विचार करून लिहिलंय),
ग्लेनिस