तुझ्या एकटीची तबकडी

माय, तुझी कॅसेट आता माझ्याकडे नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला आडवळणं घेता येणार नाहीत. तू गेल्यावर डोणगावच्या घरातून मी तेवढी एकच वस्तू मागून घेतली होती. बाबांनी मेहकरहून टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा त्यात आवाज भरतो कसा हे पाहायला त्यांनी तो स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. कुरडयांचे दिवस होते. चुलीवर चिकाचं मोठं पातेलं आहे, काकू फडक्याने ते दोन्ही बाजूंनी धरून बसली आहे आणि तू चाटूने ढवळते आहेस. हात चालू आहेत म्हणून तोंडही चालू आहे. हळदीचं गाणं, एक ओळ तुझी, एक ओळ काकूची. तुम्ही दोघी जावा गावातल्या लग्नघरी अशाच गायच्यात. मधेच काकू म्हणते, "बाई, गुठळ्या होऊन राह्यल्या," आणि तुला हसू येतं, पण तू गाणं सोडत नाहीस. सगळं त्या कॅसेटमध्ये होतं. पातेल्यावर चाटू घासल्याचा आवाजसुद्धा.

पुण्यात एका मैत्रिणीकडे मी ती वाजवली आणि तिथे आलेला एक तरुण ऐकत उभा राहिला. त्याचं काम काय, हे तुला समजावून सांगणं अवघड आहे. आता कुठलंही गाणं फोनवर मिळतं, ज्याला हवं त्याला, हवं तेव्हा. म्हणून काही लोकांनी उलटी रीत काढली आहे. गाण्याच्या मोजक्याच काळ्या तबकड्या काढायच्या, तुझ्या लहानपणी ग्रामोफोनवर लावायचे तशा. प्रत्येकीला शिसवी लाकडाची पेटी, वर चित्रकाराने हाताने काढलेलं चित्र, आणि तबकड्या निघाल्या की साचा मोडून टाकायचा. पुन्हा कोणाला मिळता कामा नये, यातच त्याची सगळी किंमत. हौशी लोक अशा पेट्या काचेच्या कपाटात ठेवतात. ऐकतात की नाही, मला माहीत नाही. तो मुलगा वाईट नव्हता. तुझा आवाज ऐकताना त्याने डोळे मिटून घेतले होते. पण तो म्हणाला की दोन आवाज एकमेकांत गुंततात, पातेलं वाजतं, त्याने मन विचलित होतं. एका बाईचा एकटा आवाज, मागे काही नाही, असं कोणी आजवर ऐकलं नसेल, म्हणाला. कॉम्प्युटरवर आवाज वेगळे करता येतात म्हणे. त्याने काकूला वेगळं केलं. तिच्या ओळींच्या जागी नुसती शांतता राहिली, तर लोकांना वाटेल तबकडी बिघडली, म्हणून त्या जागाही त्याने मिटवल्या. हे रेकॉर्डिंग दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही, कॉम्प्युटरवरचंही पुसायचं, आणि मूळ कॅसेट पहिल्या पेटीबरोबर घेणाऱ्याला द्यायची, अशी अट होती. मी सही केली.

सही करताना मला शाळेच्या गॅदरिंगची आठवण आली होती, हे लपवत नाही. मी सातवीत होते. गुरुजींनी तुला स्टेजवर गायला बोलावलं होतं आणि मी फुशारकीने घरी निरोप घेऊन आले. तू कणीक मळत होतीस. "एकटीनं काऊन गाऊ?" तू म्हणालीस. "आमी दोघी गातो. तुह्या गुरुजीले म्हन, दोघींले बोलवा." मी म्हणाले की काकूचा आवाज काही तुझ्यासारखा नाही. तू कधी हात उगारला नाहीस, तेव्हाही नाही. फक्त मळणं थांबवलंस आणि म्हणालीस, "पुन्हा असं बोलू नको." आणि गॅदरिंगला तू गेली नाहीस. मला त्या वर्षी तुझा फार राग आला होता.

तबकड्या निघाल्यावर मला एक पेटी मिळाली. या उन्हाळ्यात ती घेऊन मी डोणगावला गेले. तबकडी वाजवायचं यंत्रही पुण्याहून मागून नेलं होतं. काकू आता गुडघ्यांमुळे फारशी उठत नाही, पलंगावरच असते. तिच्या सुना, शेजारच्या दोघीतिघी जमल्या. काकूने पेटीवरून हात फिरवला, चित्रातल्या बाईचं तोंड तुझ्यासारखं नाही म्हणाली, आणि मग तू गायला लागलीस. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझी ओळ संपत आली तशी ती पलंगावर सरसावून बसली, पदर सावरला आणि आपली ओळ म्हणायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तू पुढच्या ओळीवर गेलेली होतीस. काकू थांबली. पुढच्या वेळी तिने पुन्हा प्रयत्न केला, जरा लवकर. पुन्हा तू निघून गेलेली. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलंच नाही, नुसती ऐकत राहिली. सुना एकमेकींकडे बघायला लागल्या.

गाणं संपल्यावर मला वाटलं ती विचारेल, माझा आवाज कुठे गेला. तिने ते विचारलं नाही. ती म्हणाली, "तिले दम कवा घेऊ देला तुमी?"

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. तुझा दमा, जो आम्हा मुलांना फार पुढे कळला, तो त्या दिवसांतही होता. एका ओळीपलीकडे तुझा श्वास पुरत नसे. म्हणूनच तर दोघींची ती पद्धत पडली होती. "मी म्हनत होती तवा बाई दम घेत होती," काकू म्हणाली. "लगनात बायांले कधी समजू देलं नाही आमी." आणि मग यंत्राकडे बघत, जराशी भिऊन, "यात तं ते थांबूनच नाही राह्यली, पोरी."

मी म्हणाले, काकू, टेप जुनी होती, तुझ्या ओळींच्या जागी खराब झाली होती. ती म्हणाली, "असंल." आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाली, की एवढी जुनी वस्तू तू जपली हेच खूप झालं.

पुण्याला आल्यावर मी त्या तरुणाला फोन केला. मूळ आवाज त्याने अटीप्रमाणे पुसून टाकला होता आणि कॅसेट पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर परदेशी गेली होती. त्या गिऱ्हाइकाने ती चौकटीत बसवली आहे, असं तो कौतुकाने सांगत होता. मग मी काकूला म्हणाले की तुझ्या ओळी तरी फोनवर म्हण, मी भरून घेते. तिने दोनदा सुरुवात केली. एकटीले नाही आठवत, म्हणाली, तिनं म्हटल्याबिगर माही ओळ येत नाही. आता ते गाणं पुरतं कोणाकडेच नाही. गावात कोणाचं लग्न निघालं की मला वाईट वाटतं, आणि मी फोन करायचं टाळते.

काकूला खरं सांगायला हवं, हे मला कळतं. तिला अजून सांगितलेलं नाही. तुला लिहिणं सोपं आहे, हे पत्र कुठे टाकायचं नाही की कोणी वाचायचं नाही. तरी एक गोष्ट वर लिहिताना मी गाळली. काकूला काढून टाकायची कल्पना त्या मुलाची होती, ते खरंच आहे. पण काम झाल्यावर त्याने मला कानाला लावून ऐकवलं, आणि मग स्वतःच चाचरत विचारलं की फार ओकंबोकं वाटतंय का, दुसरा आवाज परत आणू का. माय, जन्मभर तू कोणाच्या ना कोणाच्या वाट्याची होतीस, लग्नघरची, गल्लीची, काकूची. त्या दिवशी पहिल्यांदा तू एकटी माझ्या कानात गात होतीस. मी त्याला नको म्हणाले.