शुक्रवार आणि मंगळवार यांच्यामधलं अंदमान

रविवार, २० मार्च २०१६. लातूर.

ठरलं. अंदमानला जायचं. मी आणि हे.

वही पुन्हा उघडली आहे, कारण मोठं काम कागदावर मांडलं की निम्मं होतं असं आमच्या सिस्टर सांगायच्या. उदगीरच्या किराणा दुकानदाराची मुलगी सहा वर्षं सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये राहिली, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

यांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. लोकांना फक्त हे दोन वार दिसतात. मला मधले दिसतात. शुक्रवारी अकराला मशीन सुटलं की मंगळवारी सकाळी सातपर्यंत माणूस मोकळा. शुक्रवारी दुपारी चारची हैदराबाद बस. शनिवारी पहाटेचं विमान, मध्ये चेन्नई, दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर. विश्रांती. रविवारी साडेआठला होडी. आधी रॉस बेट. साडेदहाला नॉर्थ बे, तिथे स्नॉर्केलिंग. दीडला जेवण, मीठ कमी. सोमवारी परतीचं विमान, रात्रीची बस, मंगळवारी पाचला लातूर. सातला खाटेवर हजर. एक मिनिटही वाया नाही.

तारीख: रविवार, १ मे.

यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बघू." चौतीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, बघू म्हणजे होय.

सोमवार, २१ मार्च.

महादेवीचा पुण्याहून फोन. मुलगी माझीच, पण बोलते सासूसारखी. आई, बाबांना दिवसाला सातशे मिली पाणी चालतं, आणि तू त्यांना समुद्रात न्यायला निघालीस? मी म्हणाले, समुद्राचं पाणी कोण पितं? पटलं असावं. शेवटी तिकिटं काढते म्हणाली, पण डॉक्टरांना विचार, असं तीनदा बजावलं.

डॉक्टरांना विचारीनच. घाई काय आहे?

गुरुवार, २४ मार्च. धुळवड.

गल्लीत सगळं कोरडं. नळाला पाणी येऊन महिना होत आला. टँकर आठ दिवसांनी, घरटी दोनशे लिटर.

आज जुनी आठवण निघाली. मे ब्याऐंशीत लग्न झालं. ऑगस्टमध्ये गोव्याला जायचं होतं, मी बॅगसुद्धा भरली होती. तेव्हा हे उस्मानाबादच्या कलेक्टर ऑफिसात कारकून. पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा वेगळा होणार म्हणून सगळ्यांच्या रजा रद्द. हे फायलींच्या गठ्ठ्यांवर बसून ट्रकमधून लातूरला आले. केसांत धूळ, आणि चेहऱ्यावर जणू जिल्हा यांनीच जन्माला घातला. म्हणाले, जिल्हा झाला की जाऊ. मग टेबलं आली नव्हती. मग कपाटं आली नव्हती. मग जनगणना, निवडणुका, भूकंप. एक जिल्हा व्हायला किती वर्षं लागतात हे सिस्टरनी भूगोलात शिकवलं नव्हतं.

माझी तक्रार नाही. फक्त नोंद.

रविवार, २७ मार्च.

महादेवीने मास्क आणि नळी कुरियरने पाठवली. सराव सुरू. पोहता येत नाही, पण माहितीपत्रकात स्पष्ट छापलं आहे की गरज नाही, तोंड पाण्यात घालून नळीतून श्वास घेता आला की झालं. टँकरच्या पाण्यातून एक घंगाळ बाजूला काढलं. परसात, पाटावर गुडघे टेकून. पहिल्या दिवशी अकरा सेकंद. तळाशी कल्हईचा डाग दिसला. प्रवाळ असंच दिसत असणार.

डोकं वर काढते तर कुंपणापलीकडे पार्वतम्मा. शेजारीण, विधवा, जिभेला हाड नाही. म्हणाली, अक्का, लोकं घागरीसाठी भांडायलेत आन् तुमी घंगाळात तोंड घालून काय करायलाव? मी सांगितलं. बेटावर होडीतून जायचं असतं हेही सांगितलं. म्हणाली, बेटं बगायला इतक्या लांब कशाला? मांजऱ्याच्या धरणात जावा की. आता तितं बेटच बेट हाय, होडीबी लागत न्हाई.

मी हसले नाही. नंतर आत येऊन हसले. यांना सांगितलं तर हेही हसले, आणि हसता हसता ओठांवरून जीभ फिरवली. ओठ फुटले आहेत. उन्हाळा.

शुक्रवार, १ एप्रिल.

दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन किलोपेक्षा जास्त वाढू नये असा नियम. वाढतं ते पाणीच, म्हणे. आज अडीच. मशीनवरचा भीमाशंकर चांगला मुलगा आहे, पण संशयी. काकू, काका पाणी जास्त प्यायलेत का? मी त्याला बाटली दाखवली. सातशे मिलीवर नेलपॉलिशची रेघ मारली आहे, रोज सकाळी मी स्वतः भरते. औषधं, चहा, सगळं त्यातच. त्याचा वजनकाटाच खराब असणार.

मशीनला एका वेळी सव्वाशे लिटर पाणी लागतं. हे पडल्या पडल्या म्हणाले, गल्लीतल्या पाच घरांचं दिवसाचं पाणी माझ्या अंगातून जायलंय, आन् मला एक ग्लास मिळंना. गंमतीने म्हणाले.

सोमवार, ४ एप्रिल.

आनंदाची गोष्ट. यांची भक्ती वाढली.

सकाळची लिंगपूजा तर आयुष्यभराची. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, वरून पाणी घालायचं. खाली वाटीत पडतं ते तीर्थ, ते प्यायचं. आता म्हणाले, संध्याकाळीही करतो. नोकरीत असताना एका वेळेचीच मारामार, फाइल एका हातात आणि लिंग दुसऱ्या. प्रवासाला निघण्याआधी मन असं शांत होत असेल तर बरंच.

तीर्थ सातशेमध्ये धरत नाही. तीर्थ मोजत नसतात, आमच्या लिंगायतांच्या घरांत लहान पोरालाही माहीत असतं. आणि असतं किती? दोन चमचे.

शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा.

पाडव्यालाही मशीन. वजन २.९. काटा.

परत आल्यावर संध्याकाळची पूजा दार लावून केली. आता वाटीऐवजी तांब्या नेतात. पाण्याची धार अखंड हवी, असं त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं म्हणे. चौतीस वर्षांत या आजोबांचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. भक्ती वाढली, हेच खरं.

माझा सराव: एकोणीस सेकंद.

मंगळवार, १२ एप्रिल.

मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. स्टेशनवर लोक हार घेऊन गेले होते म्हणे. आम्ही मशीनवर. वॉर्डात सगळे पेशंट त्याच गप्पांत. शेजारच्या खाटेवर चाकूरचे शेतकरी आहेत, चन्नबसप्पा. ते म्हणाले, धा डबे भरून आणलंय म्हणायलेत, आन् आपल्याला त्यातलं एक टोपणबी न्हाई. यावर यांच्याइतकं कोणी हसलं नाही.

वजन ३.३. भीमाशंकरने आकडा लिहून घेतला. फक्त लिहिताना माझ्याकडे पाहिलं. त्याला अंदमानचं सांगितलं. काकू, डॉक्टरांना विचारा, म्हणाला. सगळे एकच वाक्य पाठ करून आले आहेत.

डॉक्टर आज गडबडीत होते. विचारलं नाही.

रविवार, १७ एप्रिल.

तिकिटं आली. छापून आणली, देवाजवळ ठेवली. यांचं नाव इंग्रजीत किती रुबाबदार दिसतं. बसलिंगप्पा, वय ६२, खिडकी.

मी यांना म्हणाले, आता तरी खरं वाटतंय ना? हे म्हणाले, तू लै हट्टी हायेस. मग हळूच, तिथं पाण्यात तोंड घालायचं म्हणजे नाकातोंडात जात असंल की थोडं? मी म्हणाले, खारट हो ते. म्हणाले, खारट तर खारट.

दुपारची पूजाही सुरू. आता त्रिकाळ.

गुरुवार, २१ एप्रिल.

टँकर आला नाही. घरात घंगाळाचं पाणी तेवढं चांगलं. सकाळी हे रिकामा तांब्या घेऊन दारात उभे राहिले. मागितलं नाही, नुसते उभे. मी घंगाळातलं पाणी गाळून तांब्या भरून दिला. उरलेलंही कळशीत भरून देवघरात ठेवलं. पूजेपुढे सराव काय मोठा? एकोणीस सेकंद खूप झाले. माझ्या हौसेचं पाणी देवाला गेलं, मला उलट हलकं वाटलं.

पार्वतम्मा कुंपणावरून म्हणाली, अक्का, भाऊजींचं तोंड सुजल्यालं दिसायलंय. म्हटलं, तब्येत सुधारली आहे. अंग धरलंय. या बाईला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

मंगळवार, २६ एप्रिल.

वजन ४.१. डॉक्टर स्वतः आले. यांना खडसावलं. काका, कुठून पिताय? हे छताकडे बघत राहिले. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. मी बाटलीची रेघ दाखवली. अंदमानचं विचारायला ही वेळ बरोबर वाटली नाही.

बुधवार, २७ एप्रिल.

बॅग भरली. टोप्या दोन. औषधं, रिपोर्ट, मास्क. यांच्या सँडल पायात जाईनात. उन्हाने चामडं आखडलं असणार. बाजारात जाऊन दोन नंबर मोठ्या आणल्या. यांनी त्या घालून घरात दोन फेऱ्या मारल्या आणि खुर्चीत बसून हसले. गंगा, म्हणाले, खरंच नेतीस का गं मला? किती वर्षांनी या नावाने हाक मारली. घरात मी "अगं ऐक" असते.

नेणारच. परवा चारची बस.

गुरुवार, २८ एप्रिल. सकाळी ६.

यांना आडवं होता येत नाही. बसूनच धापा. पार्वतम्मा रिक्षा आणायला पळाली.

शुक्रवार, २९ एप्रिल. दवाखाना.

फुफ्फुसात पाणी झालं होतं. काल आणि आज दोन्ही दिवस मशीन लावलं. आता श्वास बरा. पायांची हाडं पुन्हा दिसायला लागली आहेत. डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. यापुढे आठवड्याला तीन वेळा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दिवसाला पाचशे मिली, आणि पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही, म्हणाले. घरी पाणी किती देता? सातशे, मोजून, असं उत्तर माझ्या तोंडून निघालंसुद्धा. भीमाशंकर शेजारी उभा होता. त्याने मान खाली घातली.

दुपारी चार वाजले तेव्हा मी खाली औषधांच्या रांगेत होते.

शनिवार, ३० एप्रिल.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तरी तिच्यात खोटं लिहिलं.

पाडव्याला संध्याकाळी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. पूजा संपली होती. लिंग पुन्हा गळ्यात गेलं होतं. हे तांब्या दोन्ही हातांनी धरून पीत होते. डोळे मिटलेले, हनुवटीवरून एक ओघळ छातीपर्यंत गेला होता, आणि तोही बोटाने निपटून त्यांनी चाटला. डायलिसिसच्या तीन वर्षांत यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी पाहिलं नव्हतं. दार ढकलता आलं असतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी वाजवत बसले, म्हणजे आतलं काही ऐकू येऊ नये. मग येऊन लिहिलं, भक्ती वाढली.

त्यानंतर प्रत्येक पूजेला भांडी वाजवली.

यांनाही माहीत असणार. भांडी इतक्या वेळा कोण घासतं, आणि तीही दुष्काळात?

आज डॉक्टरांकडे गेले. मी म्हणाले, पाणी मीच दिलं. तांब्या भरून, रोज, पूजेच्या नावाने. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. मी म्हणाले, हो. का दिलंत? मी म्हणाले, तहान लागते हो त्यांना. डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

महादेवीने तिकिटं कालच रद्द केली.

रविवार, १ मे. सकाळी १०.३०.

वॉर्डातला पंखा आवाज करतो. हे जागे आहेत. आवाज बारीक झाला आहे, पण डोकं साफ.

मघाशी यांनी विचारलं, आज तिकडं असतो, नव्हं? मी म्हणाले, हो. होडीतून उतरलो असतो. किती खोल असतं गं तिथं? मी म्हणाले, कमरेएवढं. मग पुष्कळ झालं, हे म्हणाले, आणि डोळे मिटले.

मनात वार मांडून पाहत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मध्ये एकेक दिवस, फक्त शनिवार-रविवार जोडून दोन. त्यात कुठली बस बसत नाही. तसं त्यांना सांगितलं. एका दिवसात कुठं जाऊन येता येईल हो आपल्याला?

झोपले असं वाटलं. मग म्हणाले, घरी. घरी ने मला, गंगा.

मी म्हणाले, उद्या मशीन झालं की जायचं. डॉक्टरांनी सांगितलंय.

डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही.