होडी आईकडे, शनिवार-रविवार बाबांकडे

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, कायमचा पत्ता नाही, सध्याचा पत्ता रुग्णालयाचा तिसरा मजला, खिडकीकडची खाट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते आहे. माझ्या रक्ताच्या आजारावरचे उपचार थांबवले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे मागितला असता तर मिळाला नसता. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करण्यासारखं आपल्याकडे काही आहे असं वाटलंच नव्हतं.

१. स्थावर मालमत्ता. नाही. मी बेकरीच्या माडीवर राहिले, फळबागेच्या गोदामात राहिले, एका म्हाताऱ्या वादकाच्या घरी त्याची मांजरं सांभाळत राहिले. (तीनही मांजरं बहिरी होती, पण तो विषय इथे नको.) सगळ्या किल्ल्या परत केल्या, बेकरीची राहिली. निळ्या कोटाच्या खिशात आहे. बेकरीवाल्याला ती द्यावी आणि सांगावं की न्हाणीतला नळ मी तोडलेला नव्हता. तो आधीपासून तसाच होता.

२. बँकेत जे असेल ते आईला. त्यातून तिनं आधी चपला घ्याव्यात, ओल्या फळीवर न घसरणाऱ्या. कशाला, ते कलम पाचमध्ये येईल.

३. हत्यारं. शीड शिवायच्या सुया, तळहातावर चढवायचा चामडी पट्टा आणि मेणाचा गोळा हे सगळं धक्क्यावर शिडं शिवणाऱ्या बाईंना. त्यांच्याकडे मी शिकायला गेले आणि अर्ध्यात सोडून पळाले. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "टाका तुझा सरळ जातो गं, तूच जात नाहीस." त्यांच्याइतकं मला कुणी थोडक्यात ओळखलं नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. त्या कुणाला घाबरत नाहीत.

४. गळकी किटली मामांना. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मामा वकिलासमोर म्हणाले होते, "पाण्यात ठेवायला पोरगी काय बदक आहे?" तर ही बदकाकडून भेट. हल्ली मामा येतात, खुर्चीत बसतात आणि पांघरुणाखालच्या माझ्या पायांकडे बघत राहतात. राग उरलेला नाही. किटली मात्र त्यांनी घ्यावी.

५. होडी. शिडाची, लहान, आत दोन बाकं, एक स्टोव्ह, आणि ताठ उभं राहिलं की बाबांचं डोकं आपटतं एवढंच छत. ती कागदोपत्री माझी आहे. मी नऊ वर्षांची असताना बाबांनीच ती माझ्या नावावर केली, म्हणजे वाटणीत जाऊ नये. होडी वाचली. मी वाटणीत गेले. सोमवार ते शुक्रवार आईकडे, शनिवार-रविवार बाबांकडे.

शनिवारी सकाळी आई मला धक्क्याच्या फाटकाशी आणून सोडायची. बाबा पलीकडे उभे असायचे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. आई म्हणायची, "वडिलांना सांग, हिला खोकला आहे." बाबा म्हणायचे, "आईला सांग, ऐकू आलं." फाटकाच्या आत आईनं कधी पाऊल टाकलं नाही.

मग दोन दिवस आम्ही काहीच करायचो नाही. बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा. बाबा सूप गरम करायचे, मी पाय पाण्यात सोडून बसायची. बाबा रेडिओवर हवामान ऐकायचे आणि हवामानखात्याशी वाद घालायचे. गृहपाठ पिशवीतून निघायचा नाही. लोक विचारतात, एवढं फिरलीस, सगळ्यात लांब कुठे गेलीस? त्या बेटापर्यंत. धक्क्यावरून ते दिसतं.

आमच्या होडीवर एक रीत आहे. शीड आवरायला जो टोकाकडे जाईल त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "चाललो पुढे." सुकाणू धरलेल्यानं म्हणायचं, "आहे मी." तेवढं ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही. गेल्या शनिवारी बाबा एकटेच गेले. धक्क्यावरच्या रखवालदारानं मला फोनवर सांगितलं, "तुझा बाप होडी सोडताना एकटाच ओरडला, मग नुसता उभा राहिला. मला वाटलं काही विसरलाय. मग गेला पुढे." कंबरेचा पट्टा होडीला अडकवला होता का, हे त्याला आठवलं नाही. अडकवला नसणार. माझी कटकट चुकवायलाच ते तो अडकवतात. आणि ते रविवारी आलेच नाहीत. सोमवारी दुपारी आले. म्हणाले, "घाई कशाची होती?"

मला भीती याचीच आहे, आणि हे सगळं मी त्यासाठीच लिहिते आहे. सत्तर वर्षांचा, एका डोळ्यानं अंधुक दिसणारा माणूस, त्याला रविवारी परत फिरायला कारण लागतं. इतकी वर्षं कारण मी होते. अंधार पडायच्या आत मला आईकडे पोचवायचं असायचं. मोठी झाले, कुठेकुठे गेले, तरी जमेल त्या शनिवारी येत होते. पुढे कुणी नसेल.

म्हणून होडी, तिच्या शिडांसकट, नांगरासकट आणि किल्लीसकट, मी आईला देते. पूर्ण मालकी आईची. बाबांना ती शनिवारी सकाळी मिळेल आणि रविवारी अंधार पडायच्या आत परत करावी लागेल. किल्ली फाटकाशी, हातातून हातात. रखवालदाराकडे ठेवून जायचं नाही. पट्टा अडकवलेला आहे हे आईनं डोळ्यांनी बघायचं, त्यासाठी फाटकाच्या आत यावं लागेल, म्हणून चपला. आईला हे ओझं नको असेल तर तिनं होडी विकावी. तिला कुणी बोल लावू नये. मीही लावणार नाही.

बाबांना हे कलम वाचून दाखवलं. म्हणाले, "माझी होडी तिच्या हातात?"

"तुमची नाही बाबा. माझी. तुम्हीच केलीत."

ते हसले. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. तिकडे नुसती गाड्या लावायची जागा आहे.

६. माझ्या देहाचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवावं. भांडायचं असेल तर भांडावं, पण एका खोलीत, एकमेकांकडे बघून. आता निरोप पोचवायला मी नाही.

७. हे कलम आज दुपारी वाढवलं. आई आली होती. तिलाही पाचवं कलम वाचून दाखवलं. ती संत्रं सोलत होती, सोलतच राहिली, पांढऱ्या शिरासुद्धा काढल्या. मला वाटलं, नाही म्हणणार.

मग म्हणाली, "वडील तुझे रविवारी आले नाहीत तर मी काय करायचं?"

"तटरक्षकांना फोन करायचा."

"ते आले आणि उतरताना हात थरथरत असले तर? होडी बांधणार कोण? तो रखवालदार तर कधी जागेवर नसतो."

मी म्हटलं, "तू."

"मला कुठे येतं?"

माझ्या झग्याची नाडी काढून तिला दिली. ताण आला तरी आवळत नाही आणि सोडायची म्हटलं तर बोटानं सुटते, अशी एक गाठ असते. माझी बोटं आता नीट चालत नाहीत, म्हणून नुसतं तोंडानं सांगत गेले. आई चुकली. परत चुकली. "तुला कुणी शिकवली?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता परत नाडी हातात घेतली. मग खाटेच्या दांड्याला नाडी बांधून, दोन्ही पाय टेकवून, अंगातलं सगळं बळ लावून तिनं ओढली. खाट हलली, गाठ नाही.

ती नाडी दांड्याला तशीच आहे. सही झाल्यावर ती कुणी सोडू नये, मी इथून गेल्यावर आईला सोडू द्यावी.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

सही: (हात हलल्यामुळे वाकडी, पण माझीच)

साक्षीदार १: या मजल्यावरची दिवसपाळीची नर्स
साक्षीदार २: शेजारच्या खाटेवरच्या मावशींचे जावई, बसचालक

स्थळ: रुग्णालय, तिसरा मजला
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२२, शुक्रवार