अळणी इफ्तार

अम्मी,

हे जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिते आहे. कोरा कागद वाया घालवला तर तुझाच आवाज कानात येतो. तुझ्यासारखंच माझंही हृदय बिघडलं, आता त्यात नळी बसवली आहे. अलिबागच्या डॉक्टरांनी गोळ्या, चालणं, कमी मीठ असं सगळं सांगितलं, मी मान हलवत राहिले. मग विचारलं, "आणि रोजे?" म्हणाले, "यापुढे नकोत." नळीला घाबरले नव्हते, एवढ्यानं घाबरले. रोज्यांच्या बदल्यात गरिबाला जेवण द्यायचं, तो फिदया घरखर्चात लिहिताना वाटलं, रमजानमधून माझं नावच कमी झालं. पहिल्या दिवशी इफ्तारला मी स्वयंपाकघरातच बसले. दिवसभर पाणी पिऊन जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरच्या खजुराला हात लावायचा, म्हणजे दुसऱ्याच्या मजुरीवर जेवणं.

तिथं बसल्या बसल्या तू आठवलीस. तुझं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. हाक मारली की, "मी आता कशाच्या उपयोगाची?" रमजान लागला आणि शेजारीण कालवणाची वाटी घेऊन दारात उभी. "भाभी, आमच्यात सगळ्यांचे रोजे. तुम्हीच चाखून बघा, मीठ हाय का न्हाय?" तू उठलीस, चाखलंस, तोंड वाकडं केलंस. "अगो, खारट!" मग वाट्यांची रांगच लागली. पुढे पुढे तर दुपार कलताना असरची नमाज झाली की तूच चमचा घेऊन निघायचीस. डॉक्टर चाला म्हणत होते तेव्हा उंबरठा ओलांडत नव्हतीस. आता सगळा मोहल्ला पालथा घालायला लागलीस.

गंमत ही, की बिनमिठाचं खाऊन तुझी जीभच बदलली होती. तुला सगळंच खारट लागायचं. तू "खारट" म्हणालीस की बायका कालवणात पाणी ओतायच्या, बटाटे टाकायच्या. सगळा मोहल्ला अळणी जेवत होता आणि तुझा मान राखून कोणी बोलत नव्हतं. शेवटी अब्बा म्हणाले, "काय गो, खाडीचं पाणी गोडं झालं काय?" तू म्हणालीस, "मुकाट्यानं जेवा. तुमचंही हृदय सांभाळते आहे." आणि इतकी हसलीस की ओढणी तोंडाला लावावी लागली. त्यानंतर तू भिंतीकडे तोंड केलेलं मला आठवत नाही.

या रमजानच्या दुसऱ्या दिवशी मी चमचा धुतला आणि सुनेच्या पातेल्यापाशी जाऊन बसले.

"अम्मी, तुम्हाला मीठ मना आहे!"

"थेंबभर चाखते. तुझा रोजा आहे, माझा नाही. कळायचं कसं तुला?"

तिनं भीत भीत पातेलं पुढे केलं. मी म्हटलं, "खारट." इफ्तारला ह्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिले. "सासूबाई परत आल्या वाटतं." सगळे हसले. त्या हसण्यात मी दस्तरखानावर कधी येऊन बसले, माझं मलाच कळलं नाही. अल्लाहचा शुकर, आता शेजारच्याही वाट्या येतात.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? कॅलेंडर परत खिळ्याला लावते. एक मात्र तुलाच सांगते. आज असर झाली तरी एकही वाटी आली नव्हती. मग मी चमचा ओढणीत लपवला आणि सुनेला म्हटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना, जरा मोहल्ल्यात फिरून येते.