चप्पल हुंगवली

अमोल,
आई मोरीत चक्कर येऊन पडली. हनुवटी फाटलीय, टाके घातलेत. फीट समजून आम्ही नेहमीसारखी चप्पल हुंगवली. पण ही फीट नाही. ईसीजीत निघालं, तिचे ठोके मध्येच थांबतात. घरात कोणी असं अचानक गेलंय का, डॉक्टरांनी विचारलं. मी किशोरदादाचं नाव सांगितलं. त्यालाही आपण चप्पलच हुंगवत बसलो होतो. आई ऐकत होती.

परवा एकलहऱ्याहून येताना तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, ती उन्हाने नसेल. कुकरमध्ये भात आहे. खाऊन रिक्षाने पंचवटीच्या दवाखान्यात ये, तुझाही ईसीजी काढायचाय. गाडीची किल्ली शोधू नकोस, मी सोबत नेलीय.
– ताई