झरीच्या रानातला मृग

परभणी,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, फसली १३४९

चि. उमास अक्काचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. सोनपेठला नदीकाठी थंडी जास्त पडली असेल, अप्पांना जपा.

तुझ्या दाजींच्या शाळेतली ती शर्यत पौषात ठरली आहे. पोरांनी नकाशा आणि दिशा दाखवणारा कुतुबनुमा घेऊन झरीच्या रानात झाडांना बांधलेली लाल फडकी शोधायची. दिवाळीत अंगणात उभी राहून तू म्हणालीस ना, "दाजी, मृगातले ते तीन तारे धरून सरळ गेलं की व्याध घावतोय. तुमचा खेळ बी ह्योच की!" झालं! यंदा फडकी मृगाच्या आकारातच बांधणार म्हणे. जेवताना उमा, हात धुताना उमा. भाकरी कशी झाली ते मात्र विचारत नाहीत.

मीही शिकायला बसले हं. कुतुबनुमा पूजेतल्या इष्टलिंगासारखा डाव्या तळहातावर धरला, पण चुलीपाशी. काटा वळला तशी ओरडले, "उत्तर घावली!" तर तो शेजारच्या विळीकडे वळलेला. हे हसले. हसू देत. पण वर म्हणाले, "उमाला सांगावं लागलं नसतं." तेव्हापासून आभाळाकडे पाहिलं तरी अंगाचा तिळपापड होतो. तुझा हेवा वाटतो, उमा. पाठच्या बहिणीचा हेवा! लाज वाटते, तरी वाटतोच.

हे पत्र लिहायला ह्यांनीच बसवलं आहे. उमाला शर्यतीला बोलव, महिनाभर राहू दे, असा निरोप आहे. ह्यांच्या मनात खेळच असेल. सासूबाईंच्या मनात मात्र दुसरं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी कूस उजवली नाही. परवा शेजारच्या कमलबाईंना म्हणाल्या, "धाकटी लय हुशार हाय. दोघी भैनी एका घरात नांदल्या तर काय बिघडतंय?"

हे तिथेच नकाशा काढत बसले होते. मान वर केली नाही. पण नाहीही म्हणाले नाहीत.

म्हणून येऊ नकोस. काहीही निमित्त कळव, खोटं माझ्या माथी. हवं तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस. दुसरी कुणी सवत आली असती तर मी उभी भांडले असते. तुझ्याशी कशी भांडू? तुझी वेणी मीच घालत आले.

तुझी बहीण, आणि फक्त बहीणच राहू इच्छिणारी,
महानंदा